मोरगव्हाणच्या शाळेची सोयरीक

तात्याराव रोडगे पहिल्यांदा आमच्या शाळेत आले तेव्हा त्यांनी आधी भिंतींकडं पाहिलं, मग मुख्याध्यापकांकडं, आणि म्हणाले, “रंग गव्हाळ धरू.” ते कुणाच्या रंगाबद्दल बोलत होते, हे आम्हाला बराच वेळ कळलं नाही.

मी या शाळेत मराठी शिकवते. श्री कान्होबा माध्यमिक विद्यालय, मोरगव्हाण. वालूरहून दुधना नदीकडं निघालं की डाव्या हाताला लागतं. आठवी ते दहावीचे वर्ग, पत्र्याच्या खोल्या, एक कडुनिंब, आणि मैदान म्हणावं अशी एक उतरती जागा, जिच्यावर चेंडू ठेवला की तो आपणहून गोलात जातो.

गावोगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळा सातवीपाशी संपतात. तिथली लेकरं आठवीला कुठं जाणार, यावर आमची शाळा चालते. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि अतिरिक्त शिक्षकाला उचलून कुठं ठेवतील याचा भरवसा नसतो. त्यामुळं मे महिन्यात, बाकीचं जग लग्नं जेवत असताना, आम्ही शिक्षक उन्हात दारोदार फिरून ‘तुमचं लेकरू आमच्याकडं पाठवा’ म्हणत असतो. अलीकडं लोक दार उघडतात, पाणी देतात आणि सांगतात की इंग्रजी शाळेची पिवळी गाडी आता थेट अंगणात येते.

त्या वर्षी आमचे मुख्याध्यापक ओमप्रकाश डाके परभणीला एका प्रशिक्षणाला गेले. डाके सर गणिताचे. सांगितलेली रीत शेवटच्या पायरीपर्यंत पाळायची, मग उत्तर काहीही येवो, असा त्यांचा स्वभाव. प्रशिक्षणात कुणीतरी सांगितलं की नुसती मुलं मागू नका, आधी पालकांना शाळेची मूल्ये आणि अपेक्षा समजावून सांगा. सर येतानाच फ्लेक्स छापून घेऊन आले. एका बाजूला ‘आमची मूल्ये’, दुसऱ्या बाजूला ‘आमच्या अपेक्षा’, आणि मधे शाळेचा फोटो, ज्यात एक शेळी सगळ्यात ठळक आली होती.

वालूरच्या बाजारात लसणाच्या ढिगाशेजारी, बांगड्यांच्या गाड्यासमोर, आम्ही तो बांधला आणि त्याच्याखाली उभे राहिलो. पहिले गृहस्थ थांबले. त्यांनी ‘मूल्ये’ वाचलं, वरपासून खालपर्यंत शोधलं आणि विचारलं, “आकडा कुठाय?”

“कसला आकडा?” डाके सर म्हणाले.

“मूल्य लिवलंय न. मंग किती हाय?”

सरांनी त्यांना प्रामाणिकपणा, शिस्त, श्रमप्रतिष्ठा असं एकेक समजावून सांगितलं. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं. “ते सगळं धरून किती?” असं विचारून, उत्तरासाठी न थांबता, ते लसूण घेऊन गेले.

त्यानंतर बांगड्या भरून झालेली एक बाई आमच्यासमोर आली. डोक्यावर पदर, हातात नव्या हिरव्या बांगड्या. तिनं दुसरी बाजू वाचली. “मुलगा काय करतो?” तिनं विचारलं.

“कोणता मुलगा?”

“अपेक्षा लिवल्यात. मुलाच्याच असतेत न?”

“या शाळेच्या अपेक्षा आहेत, बाई.”

तिनं फोटोकडं बघितलं. शेळीकडंही बघितलं. मग आवाज खाली करून, सहानुभूतीनं म्हणाली, “शाळेचं अजून जमलं न्हाई का?”

डाके सर दिवसभर उन्हात उभे होते. ते म्हणाले, “नाही हो. कुणी द्यायलाच तयार नाही.”

“मी आमच्या ह्यांना सांगते,” ती म्हणाली. ती कमलबाई, तात्याराव रोडग्यांची बायको. आणि अशा रीतीनं तात्याराव दुसऱ्याच दिवशी आमच्या शाळेत येऊन भिंतींचा रंग बघत होते.

तात्याराव आमच्या भागातले सोयरिकी जमवणारे. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी. त्यांना कुठलीच गाडी चालवता येत नाही. जो रस्त्यानं जात असेल त्याच्या मागं बसायचं आणि तो जिथं जाईल तिथून पुढचा बघायचा, असं करत त्यांनी सेलू, जिंतूर, मानवत, परभणी सगळीकडची घरं ओळखीची केली होती. त्यांनी जमवलेली पहिली सोयरीक स्वतःची. चुलतभावासाठी मुलगी बघायला गेले आणि स्वतःचंच ठरवून आले. चुलतभाऊ त्यांच्याशी पुढं कधी बोलला नाही. पण त्याचंही लग्न तात्यारावांनीच जमवलं, बोलणं न होता, तिसऱ्या माणसामार्फत.

ते खोटं बोलत नसत. फक्त कुठली गोष्ट आधी सांगायची आणि कुठली पोहे आल्यावर, एवढं त्यांना ठाऊक होतं. मात्र अलीकडं त्यांच्या धंद्याला उतरती कळा लागली होती. गावात राहून शेती करणाऱ्या मुलाला कुणी मुलगी देईना, आणि पुण्यातल्या मुलाला मध्यस्थ लागेना; त्याचा बायोडाटा मोबाईलवर आपला आपण फिरायचा. तात्याराव दिवसचे दिवस पारावर बसून असायचे.

“सर,” ते डाके सरांना म्हणाले, “तुमची शाळा म्हंजे शेतीवालं पोरगं हाय. गुणी हाय, निर्व्यसनी हाय, पण कुणी देत न्हाई. अन् ती पिवळ्या गाडीवाली शाळा म्हंजे पुण्याचं पोरगं. तिथं चौकशी कुणी करतच न्हाई. गाडी दिसली की दिली.”

“मग काय करायचं?”

“बघायचा कार्यक्रम ठेवायचा. रीतीनं. आधी मला शाळेचं सगळं सांगा.”

रीत हा शब्द ऐकल्यावर डाके सर सरळ बसले. मग तात्याराव विचारत गेले आणि सर सांगत गेले. नाव. जन्म. जन्मवेळ विचारल्यावर सर अडखळले, कारण उद्घाटन सकाळचं ठरलं होतं पण पाहुण्यांची गाडी पंक्चर झाल्यानं दुपारी झालं होतं. “दुपारचीच धरायची,” तात्याराव म्हणाले. उंची विचारल्यावर सर म्हणाले, “पत्र्यापर्यंत की झेंड्याच्या काठीपर्यंत?” यावर दोघांनी बाहेर जाऊन वर बघितलं आणि पत्र्यापर्यंत असं ठरलं.

“मामा हाय का?” तात्यारावांनी विचारलं. “मामाचं घराणं बघतेत लोक.”

“आहेत की,” सर म्हणाले. आमच्या शाळेचे शिपाई व्यंकटी. त्यांना मुलं, शिक्षक, सगळं गाव मामाच म्हणतं. मामांना बोलावलं. ते घंटेचा हातोडा हातात घेऊनच आले. तात्यारावांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, गाव विचारलं, शेती विचारली आणि म्हणाले, “मामा चांगला हाय. पुढं बसवा.”

पहिली बघायला आली ती धुरपदाबाई. नदीपलीकडच्या खडकवाडीची, सगळ्या घराला एका शब्दात उठवणारी आणि बसवणारी म्हातारी. त्यांचं घर दिवाळी झाली की ऊस तोडायला सांगलीकडच्या कारखान्यावर जायचं आणि होळीच्या आसपास परत यायचं. नात प्रियंका सातवी झाली होती. आठवीला ती आईबापाबरोबर फडावर जाणार, हे जवळजवळ ठरलेलं. तात्यारावांनी कुणाच्या तरी मागं बसून खडकवाडी गाठली आणि सांगितलं की एक स्थळ आहे, द्यायचं घ्यायचं नंतर, बघून तर घ्या. धुरपदाबाईनं आयुष्यात कुठलंही स्थळ न बघता नाकारलं नव्हतं. ती टेम्पो भरून माणसं घेऊन आली. मुलगा बजरंग, सून, दीर, जावा, आणि मधे नवा परकर-पोलका घातलेली प्रियंका.

आम्ही शिक्षकांच्या खोलीत चादर अंथरली होती. कांदेपोहे मी आणि विज्ञानाच्या सरांनी मिळून केले होते. खोबरं त्यांनी किसलं होतं. बजरंगनं दोन वेळा घेतले. डाके सर इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर हात ठेवून, खाली बघत बसले होते. त्यांना खाली बघायला कुणी सांगितलं नव्हतं. ते आपोआप झालं.

पाहुण्यांचं पाणी झाल्यावर सरांनी सुरुवात केली. “आमच्या शाळेचं पहिलं मूल्य म्हणजे शिस्त...”

तात्यारावांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “मूल्याचं शेवटी. आधी त्यांना इचारू द्या.”

धुरपदाबाईनं विचारलं, “तंबाकू?”

“नाही,” सर म्हणाले. विज्ञानाच्या सरांनी शर्टाचा खिसा हातानं झाकला.

“लेकरांना मारता का?”

“कायद्यानं बंदी आहे.”

“कायदा नसता तर?”

सर विचार करायला लागले. इतका वेळ विचार करायला लागले की तात्यारावांनी घसा खाकरला. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले.

“इतका वेळ कामून लागायलाय?” धुरपदाबाई म्हणाली.

“आठवत होतो,” सर म्हणाले. “एकदा मारलं होतं. नोकरीला नवीन होतो तेव्हा. पट्टीनं. त्या पोराचं उत्तर बरोबर होतं, मीच चुकीचं तपासलं होतं.”

तात्यारावांनी डोळे मिटून घेतले. सोयरीक मोडली असं त्यांना वाटलं असावं. पण धुरपदाबाईनं पोह्याची बशी खाली ठेवली आणि म्हणाली, “घरचं माणूस खरं बोलतंय.” मग उठली. “आता मोरी दाखवा.”

मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. ते नेहमीच असायचं. कुणी साहेब तपासणीला आले तर स्वच्छ दिसावं म्हणून ते बंद ठेवलेलं होतं आणि किल्ली व्यंकटी मामांच्या करदोड्याला.

“मंग पोरी कुठं जातेत?” धुरपदाबाईनं विचारलं.

आम्ही सगळे शिकलेले लोक कडुनिंबाकडं बघत उभे राहिलो. मामांनी कुलूप काढलं. म्हातारी आत गेली, नळ सोडून बघितला, कडी लावून बघितली, बाहेर आली. मामांच्या हातातलं कुलूप घेतलं, किल्लीही घेतली आणि दोन्ही आपल्या कमरेच्या पिशवीत टाकली. “हे मी नेते,” ती म्हणाली. कुणी हरकत घेतली नाही. मुलाकडच्या माणसांनी अशा वेळी हरकत घ्यायची नसते.

शेवटी तात्याराव प्रियंकाकडं वळले. “तुला काय इचारायचं असंल तर इचार, बाई. मागून म्हणू नको.”

तिला कुणी काही विचारायला सांगेल अशी तिची अपेक्षा नव्हती. तिनं आठवीच्या वर्गाकडं बोट केलं. “तिथल्या खिडक्यांला काचा न्हाईत. पाऊस आला की तिथं कोण बसतं?”

“आम्ही बाक भिंतीकडं सरकवतो,” सर म्हणाले.

“अन् पाऊस भिंतीकडून आला तर?”

“मग दुसरीकडं सरकवतो. पण तास बंद करत नाही.”

तिनं आजीकडं बघून मान हलवली.

डाके सरांना वाटलं आता तरी आपलं बोलणं आलं. पण धुरपदाबाई म्हणाली, “तुमच्या अपेक्षा असतील त्या असतील, आधी आमच्या ऐका. पोरगी एकदा दिली की ती तुमची. आमी दिवाळीला कारखान्याला जाणार. तिनं आमच्या मागं यायचं न्हाई. तुमच्या घरी नांदायचं. कबूल हाय का?”

सरांना हे बोलायची पद्धत वाटली. ते म्हणाले, “कबूल.” तात्यारावांनी लगेच खिशातून सुपारी काढली आणि उंबऱ्यावर दगडानं फोडली. बजरंगनं, मामांनी, सगळ्यांनी तुकडा तोंडात टाकला. डाके सरांनीही टाकला.

धुरपदाबाईनं दिली म्हटल्यावर बाकीच्यांनाही देणं भाग पडलं. खडकवाडीच्या, मग वरच्या दोन वस्त्यांच्या, मग वालूरच्याही माणसांनी येऊन शाळा बघितली. विज्ञानाचे सर पोह्यात तरबेज झाले. तंबाखू त्यांनी सोडली, कारण दर दुसऱ्या दिवशी कुणी ना कुणी विचारत होतं आणि खिसा किती वेळा झाकणार. आठवीचा वर्ग भरला, एवढंच नाही तर बाक कमी पडले.

जूनमध्ये प्रवेशाच्या दिवशी मांडव होता. आम्ही घातला नव्हता, मुलींकडच्यांनी घातला. हलगी वाजत होती. खडकवाडीचा एक काका फेटा न बांधल्यामुळं रुसून कडुनिंबाखाली जाऊन बसला, आणि मामा या नात्यानं व्यंकटी मामांना त्याची समजूत काढायला जावं लागलं. मामा तासाभरानं त्यालाही आणि स्वतःलाही फेटा बांधून परत आले. त्यात नेमके विस्तार अधिकारी शाळेला अचानक भेट द्यायला आले. मांडवाच्या दारात तात्यारावांनी त्यांना हात जोडून विचारलं, “पाहुणे कोणाकडून?”

“शासनाकडून,” साहेब म्हणाले.

“म्हंजे मुलाकडून. बसा, पंगत बसायलीय.”

साहेबांच्या हातात कुणीतरी अक्षता दिल्या. राष्ट्रगीत झाल्यावर सगळ्यांनी नव्या मुलामुलींवर टाकल्या तेव्हा त्यांनीही टाकल्या. जेवण झाल्यावर शेरेपुस्तकात त्यांनी ‘लोकसहभाग उत्तम’ असं लिहिलं आणि तात्यारावांना बाजूला घेऊन आपल्या भाच्याबद्दल विचारलं.

डाके सरांनी त्याच पंगतीत माईक हातात घेऊन मूल्ये आणि अपेक्षा सांगितल्या. सगळं सांगितलं, एकही गाळलं नाही. लोक जिलबी खात प्रत्येक मूल्याला “बरं, बरं” म्हणत होते. सर फार समाधानी होते.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी फाटकाबाहेर ट्रॅक्टर उभा होता. मागं दोन ट्रॉल्या, त्यात भांडी, कोयते, गोधड्या, शेळ्या, माणसं. कारखान्याला निघालेली खडकवाडी. धुरपदाबाई खाली उतरली. पाठोपाठ प्रियंका उतरली, मग पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन बजरंग, आणि एक वळकटी, एक घागर.

“नांदायला आणली,” धुरपदाबाई म्हणाली. “घ्या पदरात.”

“म्हणजे?” डाके सर म्हणाले.

“म्हंजे आमी निघालाव. ही तुमच्या घरी ऱ्हाणार. बोलणं झालंय.”

“आजी, ही शाळा आहे. इथं राहायची सोय नाही.”

“मंग सुपारी कुणी खाल्ली?”

तोवर ट्रॉलीतून आणखी मुली पेट्या घेऊन उतरायला लागल्या होत्या. त्यांच्याही सुपाऱ्या सरांनी खाल्ल्या होत्या. सरांनी तात्यारावांकडं बघितलं. तात्याराव त्याच ट्रॅक्टरवरून आले होते. ते जमिनीकडं बघत म्हणाले, “सर, शब्द गेलाय आपला. आता माघार घेतली तर या शाळेला पुन्ना कुणी पोरगी देणार न्हाई.”

डाके सरांनी उतरलेल्या पेट्या मोजल्या. मग म्हणाले, “व्यंकटी मामा, नववीचा वर्ग रिकामा करा. त्याच्या खिडक्या धड आहेत.”

वर कळवायला हवं म्हणून सरांनी वर कळवलं. वरून उत्तर आलं की सविस्तर माहिती पाठवा. ती पाठवली. मग ती मिळाल्याचं कळलं, आणि ती पुन्हा सविस्तर पाठवायला सांगितलं. हे होळीपर्यंत चाललं. तोवर मुली राहत होत्या.

पण पोरींबरोबर रात्री बाईमाणूस कोण, हा प्रश्न होता. तात्यारावांनी तो उभ्या उभ्या सोडवला. नव्या नवरीबरोबर पाठराखीण जाते, तशी यांच्याबरोबर जाईल. कोण, तर कमलबाई. कमलबाई दुसऱ्या दिवशी स्टोव्ह, तवा आणि भाकरीची काटवट घेऊन आली आणि नववीच्या वर्गात फळ्याखाली पथारी टाकली. पाठराखीण चार दिवस राहून परत जाते अशी पद्धत. पण परत कधी जायचं ते कुणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. गावातल्या बायकांना आपण मागं पडू नये असं वाटलं. त्यांनी रुखवत आणलं. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, लोणचं, बादल्या, आणि एका घरानं साबणाच्या वड्यांचा ताजमहाल. तो वर्गात खिडकीत ठेवला. आंघोळीला लागेल तसा तो कमी होत गेला.

घरी भाकरी थापणारं कुणी न राहिल्यामुळं तात्याराव जेवायला शाळेत यायला लागले. ताट घेऊन मुलींच्या ओळीत बसायचे. प्रार्थनेला उभे राहायचे. मी एकदा त्यांना म्हणाले, “तात्या, तुम्हीही इथंच राहायला आलात की.” ते म्हणाले, “घरजावई झालो, मॅडम. कमलच्या सासरी ऱ्हायलोय.” हे नातं नक्की कसं लागतं हे मी दोन-तीनदा मनात लावून बघितलं आणि सोडून दिलं.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी बजरंग आला. प्रियंकाचा बाप. सांगलीहून एसटी बदलत बदलत, नवा शर्ट घालून आलेला. मुलींची जेवणं चालली होती. तो प्रियंकाला भेटला नाही. व्हरांड्यात तात्यारावांजवळ जाऊन बसला. मी कार्यालयात पेपर तपासत होते. खिडकी मधे होती, पण तिला काच नव्हती.

“तात्या, एका कामानं आलो,” बजरंग म्हणाला. “आमच्या टोळीच्या मुकादमाचा पुतण्या हाय. त्यांनी प्रियंकाला मागच्या साली गावात आले तवा बघितली. मागणी घातलीय. तुमी मधी बसा, तुमच्याबिगर आमी काय करत न्हाई.”

प्रियंकाला चौदावं लागलं होतं. मी पेन खाली ठेवलं. डाके सरांनीही ऐकलं होतं. ते बाहेर गेले आणि बालविवाहाचा कायदा, शिक्षा, सगळं क्रमानं सांगितलं. बजरंगनं मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाला, “सर, तुमचं बरोबर हाय. पण आमच्यात समदे करतेत. कोण कुणाला धरायलाय?”

आता तात्यारावांनी विचारलं, “पोरगा काय करतो?”

“टोळीचं बघतो. ट्रॅक्टर हाय.”

“भाऊ किती? घर कुठं?”

बजरंग सांगत गेला आणि तात्याराव मान हलवत गेले. अगदी नेहमीसारखे, एकामागून एक. दारात कमलबाई येऊन उभी राहिली होती, हाताला पीठ तसंच.

“स्थळ चांगलं हाय,” तात्याराव शेवटी म्हणाले. “पण पोरीची सोयरीक झालेली हाय.”

“कुणाशी?”

तात्यारावांनी पाठीमागच्या भिंतीवर हात ठेवला. “हिच्याशी.”

बजरंग हसला. तात्याराव हसले नाहीत.

“तात्या, ही शाळा हाय.”

“सुपारी फुटली तवा तू व्हतास. पोहे दोन वेळा घेतलेस. अक्षता टाकल्यास. पेटी तू डोक्यावर आणलीस.”

“ते तसलं नव्हतं.”

“मंग कसलं व्हतं?” तात्यारावांचा आवाज चढला नव्हता. “तुला मोडायची असंल तर मोड. तुझी पोरगी हाय. पण नांदती पोरगी उठवून दुसऱ्या घरी द्यायची, ह्यात मी बसणार न्हाई. अन् मुकादमाची माणसं माझ्याकडं चौकशीला येतील. येतेतच. त्यांनी इचारलं की पहिल्या घराचं काय झालं, तर मी खरं सांगीन. मला दुसरं येत न्हाई.”

बजरंग बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत बसला. कायद्यानं त्याला काही झालं नव्हतं. यानं मात्र तो अडकला. “मंग किती दिवस?” त्यानं विचारलं.

“दहावीपर्यंत तर नांदू दे. मंग बघू.”

“मंग बी बघायचं न्हाई,” कमलबाई दारातून म्हणाली. ती कधी पुरुषांच्या बोलण्यात मधे पडत नसे. “मला तेराव्या वर्षी आणलं ह्यांनी. इचार ह्यांना, मला काय येत व्हतं.”

बजरंगनं तात्यारावांकडं बघितलं.

“काय येत नव्हतं,” तात्याराव म्हणाले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “रडायला येत व्हतं.”

आत मुलींची ताटं वाजत होती. या आधी त्यांनी अशा किती पोरींच्या सोयरिकी जमवल्या होत्या, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

बजरंगनं आईला फोन लावला. धुरपदाबाई फडावर होती. मागं कोयत्यांचा आवाज येत होता. त्यानं सगळं सांगितलं. ती इतक्या मोठ्यानं बोलली की फोन कानाला लावायची गरज नव्हती. “मला न इचारता गेलास कशाला? दिलेल्या पोरीला परत द्यायलास का? येडा झालास का? ऊस वाळायलाय, चल माघारी.”

त्यानं फोन खिशात ठेवला. कमलबाईनं ताट वाढून आणलं. भाकरी, तुरीचं वरण, ठेचा. तो सकाळपासून उपाशी होता, ते दिसत होतं. त्यानं ताटाकडं बघितलं आणि हात जोडले.

“न्हाई मावशी,” तो म्हणाला. “पोरीच्या घरचं कसं खाऊ?”

डाके सरांना यातलं काही कळलं नाही. ते त्याला जेवायचा आग्रह करायला लागले. तात्यारावांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना थांबवलं. लेक नांदते त्या घरचं बाप खात नाही, ही जुनी रीत. बजरंग आत जाऊन प्रियंकाला भेटला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि जाताना व्यंकटी मामांना म्हणाला, “मामा, संबाळा.” मामांनी छातीवर हात ठेवला. तो वालूरपर्यंत उपाशी गेला आणि तिथं बसस्थानकासमोर भजी खाताना आमच्या विज्ञानाच्या सरांना दिसला.

या गोष्टीला आता दोन वर्षं होऊन गेली. दिवाळी झाली की नववीचा वर्ग रिकामा होतो आणि कमलबाई काटवट घेऊन येते. वरून अजून माहिती मागवतात आणि आम्ही ती पाठवतो. बजरंग फडावरून अधूनमधून मोबाईलवर विचारतो की पोरगी घरात सगळ्यांशी नीट वागते ना, आणि डाके सर गंभीरपणे सांगतात की बीजगणितात थोडी कमी आहे, बाकी तक्रार नाही.

प्रियंका यंदा दहावीला आहे. तिला पुढं नर्सिंगला जायचं आहे. त्यासाठी बारावी लागते असं कळल्यावर तात्याराव अस्वस्थ झाले. एका घरून दुसऱ्या घरी पाठवणी कशी करायची, हा पेच त्यांना पहिल्यांदाच पडला होता. कमलबाई म्हणाली, “पोरगी शिकायला जायलीय, त्यात काय पेच?” ते त्यांना पटलं की नाही कुणास ठाऊक, पण मागच्या आठवड्यात ते एका दूधवाल्याच्या मागं बसून, मग एका खतवाल्याच्या, परभणीला गेले आणि एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या केबिनबाहेर जाऊन बसले. शिपायानं विचारलं, प्रवेश घ्यायचाय का. ते म्हणाले, “न्हाई. आधी घर बघायला आलोय.”

संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी आम्हाला सांगितलं की इमारत मोठी आहे, जिने भरपूर आहेत, पण बसा म्हणणारं कुणी भेटलं नाही. “अजून एक-दोन बघू,” ते म्हणाले, आणि जेवायला ओळीत जाऊन बसले.